प्रथमोपचाराचा धडा आणि औषधाचे रिकामे कपाट

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरी येथील एका सरकारी शाळेत, पाचवीत शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला भर वर्गात साप चावला. वर्गाच्या जमिनीला बीळ होते. साप चावला आहे असे वर्गातील मुले सांगत होती. त्या मुलांनीच नंतर ही गोष्ट पत्रकारांपुढे मांडली. मोठ्यांनी मुलांचे बोलणे मनावर घेतले नाही, इस्पितळ गाठण्यात मोलाचा वेळ गेला आणि मुलगी दगावली. पुढे निलंबन, चौकशी, निदर्शने हे सारे यथाक्रम झाले. सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी ज्या राज्याचा दाखला आपण सर्वजण देत असतो तेथे हे घडते, तर मराठवाड्यातील एखाद्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत किंवा सातपुड्यातील आश्रमशाळेत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने भारतात सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी पाव हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातले होते. हे मृत्यू कोणाच्या घरचे, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. जो जमिनीवर झोपतो, अनवाणी चालतो, ज्याच्या घराच्या भिंती कुडाच्या आहेत, त्याच्या घरचे. ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत रात्री मण्यार शिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणते, त्याच्या पापण्या जड होतात, आणि आईबाप बाहेरची बाधा समजून त्याला देवऋषाकडे नेतात. यात आईबापांच्या अडाणीपणाची कुचेष्टा करण्याजोगे काही नाही. दंश न दुखता माणूस मरू शकतो, हे त्यांना कोणत्या शाळेने कधी सांगितले?

म्हणूनच प्रथमोपचाराचे शिक्षण प्राथमिक शाळेतच आणि पहिल्या इयत्तेपासून मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लहान मुलांना हे झेपेल काय, अशी शंका घेतली जाते. ती निराधार आहे, कारण शिकवायचे त्यांतले निम्मे 'काय करू नये' हेच आहे. दंशावर चीर देऊ नये, विष तोंडाने ओढू नये, दोरी करकचून आवळू नये, पळत सुटू नये. कडे, पैंजण, करदोटा सूज येण्यापूर्वी काढावा, हातपाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, १०८ क्रमांक फिरवावा, आपल्या वाडीचे नाव आणि ओळखीची खूण सांगावी. आठ वर्षांच्या मुलाला याहून अवघड पाढे आपण पाठ करायला लावतोच. भाजल्यावर शाई, पीठ वा दातांचे मलम न फासता वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा, हे तर आपल्या सुशिक्षित घरांतही अजून शिकवायचे आहे.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२२ या एका वर्षात देशात ३८,००० हून अधिक माणसे बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे. महाराष्ट्रात विहीर, नदी, खाण यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत शेततळे आले. शेततळ्याने कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला हे मान्य. पण त्याच्या उतरत्या कडांवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर मोठ्या माणसाचा पायही ठरत नाही, मग मुलाचा कोठून ठरणार? एक भाऊ घसरतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघांची प्रेते निघतात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. दुसऱ्या भावाचे धैर्य कमी पडले नव्हते. पाण्यात उतरू नये, काठावरून काठी, ओढणी, दोर पुढे करावा, रिकामा कॅन फेकावा आणि ओरडून मोठ्यांना बोलवावे, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि शिकवले असते तरी काठावर दोर होता काय? तळ्याला अनुदान देताना चारी कडांना गाठींचा दोर आणि कुंपण सक्तीचे करायला शासनाला फार मोठा खर्च येत नाही.

पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरवण्यात, पोट दाबून पाणी काढण्यात जी मिनिटे जातात त्यांत त्याचा प्राण जातो. त्याला हवा असतो श्वास. तो कसा द्यावा हे थोरल्या मुलांना शिकवता येते. छाती दाबण्याच्या क्रियेला अंगात जोर लागतो. म्हणून ते शिक्षण बाराव्या वर्षापासून, वर्षाला दोन तास द्यावे, या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. नॉर्वेने तर १९६१ सालीच हे शिक्षण शाळेत नेले. एका खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने त्यासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली होती. डेन्मार्कने २००५ मध्ये ते प्राथमिक शाळांत सक्तीचे केले. तेथे रस्त्यात वा घरात हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये पाचांतल्या एकाला जवळच्या माणसांचा हात मिळत असे. २०१० पर्यंत जवळजवळ निम्म्यांना मिळू लागला, आणि महिनाभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३.५ वरून १०.८ वर गेले. हे सारे श्रेय शाळेचे नव्हे. वाहन-परवान्यासाठीही तेथे हे शिक्षण सक्तीचे झाले, इस्पितळेही सुधारली. पण शाळेचा वाटा त्यात आहेच. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही 'प्रथमोपचार' हा शब्द आहे. आपल्याकडील धोरणांत चांगल्या शब्दांचा तुटवडा कधीच नसतो.

येथे मात्र एक इशारा दिला पाहिजे. आपत्तीला तोंड देण्याची जबाबदारी हळूहळू नागरिकाच्या, आणि आता त्याच्या मुलाच्या, डोक्यावर ठेवून शासनाने स्वतः मोकळे व्हावे, असा या शिक्षणाचा अर्थ होता कामा नये. सापाच्या विषावर प्रतिसर्पविष हेच औषध आहे. ते शाळेत देता येत नाही, घरी देता येत नाही. ते इस्पितळातच द्यावे लागते, आणि मण्यारीच्या दंशात श्वास चालू ठेवणारे यंत्रही लागते. मुलाने सर्व काही अचूक करावे, गाडीवरून बापाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि तेथे कपाट रिकामे, डॉक्टर तालुक्याला, रुग्णाला जिल्ह्याच्या गावी न्या असा सल्ला, असे झाले तर त्या मुलाच्या शिकण्याला काय अर्थ उरला? परळच्या हाफकिनने ज्या राज्यात ही लस बनवली, त्या राज्यात हा प्रश्न विचारावा लागावा ही शरमेची गोष्ट आहे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. ती किती वाड्यांवर किती वेळात पोहोचते याचा हिशेब तालुकावार जाहीर व्हावा. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये घोषित केली, तेव्हा हा हिशेब मागण्याचा आपला अधिकार वादातीत आहे.

ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. ज्या मुलीला कळले की आपल्या भावाला वेळेत औषध मिळाले असते तर तो वाचला असता, ती मोठेपणी त्या मृत्यूला दैव म्हणणार नाही.

शिकवणार कोण, हा व्यवहाराचा प्रश्न राहतो. निवडणूक, सर्वेक्षणे आणि आहाराच्या नोंदी यांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे टाकून भागणार नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि गावची आशा सेविका यांनी महिन्यातून एक तास वर्गात यावे, शिक्षकाने तो पाठ पुढे चालवावा, आणि आशाताईंना त्या तासाचा रीतसर मोबदला मिळावा. कंपन्यांच्या देणगीतून होणारी एकदिवसीय शिबिरे आम्ही पाहिली आहेत. त्यांत मुलांच्या हाती टोपी आणि पाहुण्यांच्या हाती छायाचित्र पडते. वर्षभर पुन्हा कोणी फिरकत नाही.

कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. या समितीत हा विषय मांडावा, वर्गातील बिळे बुजवून घ्यावीत, शाळेजवळच्या प्रत्येक विहिरीला आणि तळ्याला दोर बांधून घ्यावा. १ मेच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्रातील प्रतिसर्पविषाच्या कुप्यांची संख्या आणि त्यांची मुदत विचारावी, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पाऊसही त्याच सुमारास येतो.