मुलांचा भूगोल आणि परमुलखाचे सण

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंची मुले देशांची व राजधान्यांची नावे घडाघडा म्हणून दाखवितात आणि आईबापांस धन्यता वाटते. पण त्याच मुलास, "पेरू देशात जून महिन्यात थंडी का पडते?" असे विचारून पाहावे. मूल गप्प! नावे पाठ झाली, भूगोल पुस्तकातच राहिला. आमचे स्पष्ट मत असे की, मुलांस देश शिकवावयाचे तर तेथल्या सणांपासून सुरुवात करावी. सणामागचे ऊन, पाऊस व पीक शेतकऱ्याच्या मुलास इतरांहून लवकर कळते.

इराणचा नवरोज घ्या. मार्चच्या 20-21 तारखेस दिवस व रात्र सारखी होतात, तेव्हा तेथे नवे वर्ष लागते. त्याआधी काही दिवस गहू किंवा मसूर थाळीत भिजवून कोंब आणतात आणि ती हिरवळ सणाच्या मांडणीत ठेवतात. आमच्या बायाबापड्या घटस्थापनेस पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरतात, ते याहून फारसे निराळे नाही. आमचा घट पावसाळा सरताना बसतो, त्यांची थाळी हिवाळा सरताना. मुंबईच्या पारशी लोकांचा जमशेदी नवरोज याच 21 मार्चचा, हेही मुलास सांगावे.

आता पेरू. तेथे कुस्को शहरी 24 जूनला 'इंती रायमी', म्हणजे सूर्याचा उत्सव होतो. आमच्याकडे मृगाच्या पावसाने वाफसा पाहण्याची घाई असते, त्याच दिवसांत तेथे कडक हिवाळा. कारण तो मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेस. स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकात हा उत्सव बंद पाडला. 1944 साली लोकांनी तो पुन्हा सुरू केला. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. भुईमूग आणि हल्लीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी आमच्याकडे उपवासाला काय खात होते, हे मुलांनी शास्त्रीबोवांस जरूर विचारावे.

घरचे सणही असेच तपासावे. संक्रांतीस उत्तरायण लागते असे मुलांस सांगतात. पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो 22 डिसेंबरच्या सुमारास. शेकडो वर्षांपूर्वी हे दोन दिवस एकच होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून ते दूर गेले. पंचांगाने तारीख ठेवली, सूर्याने ठेवली नाही! ईद दरसाल सुमारे 11 दिवस अलीकडे का येते, हे अधिक महिना ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगणे कठीण नाही: चांद्रवर्ष 354 दिवसांचे, आणि ईदेच्या पंचांगात अधिक महिना नाही. कारागिरांच्या मुलांस 1 मेची सुटी 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले म्हणून मिळते एवढेच ठाऊक असते. आठ तासांच्या कामासाठी 1886 साली शिकागोच्या मजुरांनी संप केला, त्यावरून हा दिवस देशोदेशी मजुरांचा झाला, हेही त्यांस कळले पाहिजे.

यास पृथ्वीचा विकतचा गोल लागत नाही. एक बेलफळ घ्यावे, त्यात सुताची चाती किंवा काडी आरपार खुपसून ती थोडी कललेली धरावी. मध्ये दिवा ठेवून, काडीचा कल न बदलता, फळ दिव्याभोवती फिरवावे. वरच्या अर्ध्या भागावर उजेड जास्त पडेल तेव्हा खालच्या अर्ध्यावर कमी पडतो. तेथे बोट ठेवून मुलास विचारावे, कुस्को कोठे?