‘लक्ष आहे आमचं’ म्हणजे कुंपण नव्हे

अमेरिकेतल्या मराठी घरांत स्विमिंग पूलचं आता नवल राहिलेलं नाही. टेक्सास, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियात तर घर घेतानाच मागे पूल असतो. गणपतीची आरती असो की वाढदिवस, २५-३० माणसं जमतात. पूलला कुंपण का नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “काही होत नाही हो, आमचं लक्ष असतं.”

माझं भांडण या उत्तराशी आहे. या देशात १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे आहे, आणि या वयाची मुलं सर्वांत जास्त बुडतात ती घरच्या पूलमध्ये. त्यातली अनेक पोहायला गेलेलीच नसतात. मोठ्यांना वाटत असतं, मूल आत खेळतंय. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, आवाज न करता पाण्याखाली जातं. आणि ३० माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे.

“अंगणाला कुंपण आहे की!” असंही सांगतात. ते शेजारच्या मुलांसाठी झालं. तुमचं मूल मागचं सरकतं दार उघडून थेट पाण्याशी पोचतं. कुंपण घर आणि पूल यांच्यामध्येही हवं: चारही बाजूंनी, किमान ४ फूट उंच, फाटक आपोआप बंद होऊन कडी लागणारं. तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा त्यानं बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो, असं सीडीसी सांगते. “शोभा जाते” ही तक्रार या आकड्यापुढे कशी टिकते?

पूल नाही म्हणून कुणी सुटत नाही. बाथटबमध्ये भरलेली बादली ठेवणारे आपणच. रांगत्या मुलाचं डोकं जड असतं; बादलीत तोल गेला की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. अंघोळ झाली की बादली पालथी घाला. आणि “आजी बघतेय ना” म्हणण्याआधी आजींना पोहता येतं का, ९११ला फोन करता येतो का, हे विचारून घ्या.

यात अवघड आहे ती फक्त भीड. भीड ही भिकेची बहीण म्हणतात; इथे ती त्याहून महाग पडते. बोलावणं आलं की “येताना काय आणू?” याच्या आधी “पूलला कुंपण आहे का?” हे विचारा. नसेल, तर लहान मुलाला घेऊन जाऊ नका. आणि का येत नाही, तेही स्पष्ट सांगा.