हुकूम आणि कायदा



खडकवासला धरणाच्या कालव्याचे पाणी आपल्या इंदापूर तालुक्यापर्यंत येते. त्याच धरणाच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. बारावीनंतर निवडलेले विद्यार्थी तेथे तीन वर्षे शिकतात व पुढे सैन्यात अधिकारी होतात. २०२२ सालापासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

"फौजी अधिकाऱ्याचे काम कोणते?" असे वर्गात विचारले, की "हुकूम देणे आणि लढणे" असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. जवानांचे जेवण, आरोग्य, रजा यांची काळजी अधिकाऱ्यानेच घ्यायची असते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात जवान मदतीला धावले, तेव्हा त्या कामाची आखणीही अधिकाऱ्यांनाच करावी लागली.

फौज, हुकूम, वकील हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. परंतु फौजेत वकीलही असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? भूदलाच्या १९५० च्या कायद्यानुसार वरिष्ठांचा हुकूम मोडणे हा गुन्हा आहे. मात्र तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे, असे हाच कायदा सांगतो. म्हणून कायदा जाणणारा अधिकारी जवळ हवा. अशा अधिकाऱ्यांच्या विभागाला 'जज ॲडव्होकेट जनरल' विभाग म्हणतात. त्यांना लष्करी कायद्याचे शिक्षण देणारी संस्था नागपूरजवळ कामठी येथे आहे.

मोठ्या गुन्ह्याच्या चौकशीसाठी जनरल कोर्ट मार्शल भरते. त्यात किमान पाच अधिकारी न्याय करण्यास बसतात. जज ॲडव्होकेट त्यांना कायदा समजावून सांगतो. निकालात स्वतःचे मत मात्र देत नाही. समोर बसलेले अधिकारी हुद्द्याने मोठे असले, तरी त्यांची चूक होत असल्यास त्याने ती सांगितलीच पाहिजे. मला वाटते, रणांगणावरील धैर्याइतकेच हेही धैर्य मोलाचे आहे.

हा विभागही कायद्याच्या वर नाही. त्याच्या एका भरतीत पुरुषांसाठी सहा व स्त्रियांसाठी तीन जागा ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली आणि निवड गुणवत्तेवरच व्हावी, असा निर्णय दिला.

एकदा माझ्या वर्गात खिडकीची काच फुटली. मी चौकशी न करता एका मुलाला शिक्षा केली. काच दुसऱ्यानेच फोडली होती, हे नंतर कळले. मी त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. तरी त्याचा तो उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. वर्गात एवढे होते, तर ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत, त्यांच्याकडे न्यायाची किती गरज असेल!

मुलांनो, बारामती-इंदापूरच्या शाळांतूनही असे अधिकारी घडू शकतात. त्यासाठी कायद्याची पदवी चांगल्या गुणांनी मिळवावी लागते. मात्र एक सवय आजच लावून घ्या : दुसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नका.