व्हिडिओ बदलायचे मोफत सॉफ्टवेअर : कोणते घ्यावे?



मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. १९९१ च्या जन्मशताब्दी मिरवणुकीत त्यांच्या दिवंगत मालकांनी केलेले भाषण. कॅसेटवरून ते पुढे डीव्हीडीवर उतरवले होते. ते मोबाईलवर दिसावे म्हणून नातवाने एक 'मोफत' सॉफ्टवेअर वापरले. चित्राच्या मधोमध सॉफ्टवेअरवाल्याचे नाव उमटले आणि तीन मिनिटांत भाषण तुटले. पुढचे हवे तर पैसे भरा! मावशी म्हणाल्या, "भाऊ, ह्यांच्या तोंडावर ही अक्षरं कुणाची?" त्यात पोराने डीव्हीडी भंगारात दिलेली.

पोराला बोलून काय उपयोग? मोफत म्हणजे काय, हे त्याला सांगितले कोणी? एक मोफत म्हणजे दुकानदाराने चाखायला दिलेला तुकडा. दुसरे खरे मुक्त. त्याची घडण कोणालाही पाहता येते आणि काम अर्धवट ठेवून ते पैसे मागत नाही. हँडब्रेक हे असे दुसऱ्या प्रकारचे, २००३ पासूनचे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. आपल्याकडच्या डीव्हीडीसाठी त्यात 'फास्ट ५७६पी२५' हा तयार पर्याय निवडावा, म्हणजे एमपी-फोर फाईल मिळते. जुन्या टेपमध्ये हलत्या माणसाच्या कडेला आडव्या रेघा दिसतात, त्यासाठी 'डीइंटरलेस' चालू करावे. जुन्या संगणकाला वेळ लागतो. रात्री लावून झोपावे.

एमपी-फोर हा नुसता डबा, भाजी आत वेगळी असते. फक्त डबाच बदलायचा असेल तर एफएफएमपेग ते काम चित्राला धक्का न लावता करते, पण त्यात आज्ञा टाईप कराव्या लागतात. हँडब्रेक मात्र भाजी नव्याने शिजवते, म्हणून थोडी चव जातेच. व्हीएलसी घरात असेलच, तेही फाईल बदलते. मला मोठ्या कामाला ते गैरसोयीचे वाटते.

सॉफ्टवेअर मूळ जागेवरूनच उतरवावे. तिथेही डोळे उघडे हवेत. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्याच एका सर्व्हरवर मॅकची फाईल बदलून कोणीतरी घातक प्रोग्रॅम ठेवला होता. चार दिवस तो तसाच होता. घरच्या लग्नाचे, मयताचे चित्रण परक्या वेबसाईटवर चढवून बदलून घेणे तर मला मुळीच पटत नाही.

मावशींचे नशीब की विहाराच्या कपाटात दुसरी प्रत निघाली. सत्तावीस मिनिटांचे भाषण पूर्ण उतरले. ती डीव्हीडी पुन्हा कपाटात ठेवली आहे आणि किल्ली आता मावशींकडेच असते.