पहिले ४० प्रिंट गिऱ्हाईकाला देऊ नका



घरच्या घरी फोटो प्रिंटिंगचा व्यवसाय हा विषय आपल्याकडे सारखा निघतो. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, अकोले, कुठेही जा, महा ई-सेवा केंद्राच्या शेजारी एक छोटं टेबल, त्यावर प्रिंटर आणि कटर, एवढ्यावर घर चालवणारी माणसं आहेत. धंदा चांगला आहे. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, भरती निघाली की फॉर्मची गर्दी, उन्हाळ्यात लग्नं, शिर्डीच्या वाटेवर वर्षभर भाविक. फोटो लागतोच.

पण या विषयावरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये एक वाक्य हमखास असतं: "आज मशीन घ्या, उद्यापासून कमाई सुरू." या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. माझं मत उलटं आहे. नवीन फोटो प्रिंटरमधून निघालेले पहिले ४० प्रिंट एकाही गिऱ्हाईकाच्या हातात जाता कामा नयेत. ते तुमचे आहेत, तुमच्या शिकण्याचे आहेत. आणि त्यांचा पैसा मशीनच्या किमतीतच धरला पाहिजे.

"हप्ता कोण भरणार?"

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. पंतप्रधान मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्यातल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि या धंद्यात उतरणारे अनेक जण त्याचाच विचार करतात. कर्ज घेतलं की हप्ता डोक्यावर. मग वाटतं, कागद वाया कशाला घालवायचा?

चला, हिशोब मांडू. समजा ४×६ च्या एका प्रिंटला कागद आणि शाई मिळून ८ रुपये पडले. ४० प्रिंटचे झाले ३२०. आता दुसरी बाजू बघा. समजा ३५० रुपयांची एक फ्रेमची ऑर्डर रंग बिघडल्यामुळे परत आली. एकाच ऑर्डरमध्ये तेवढे पैसे गेले. आणि गावात गिऱ्हाईक एकटं जात नाही. "त्याच्याकडं फोटो हिरवा येतो" हे वाक्य बाजाराच्या दिवशी किती घरांत पोचतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लग्नपत्रिका छापणारे जुने प्रेसवाले आठवा. प्रूफ काढायचं, घरच्यांना दाखवायचं, नावं तपासून घ्यायची आणि मगच मशीन चालवायचं. त्या प्रूफच्या कागदाला कोणी वाया गेलेला कागद म्हणत नव्हतं. आपण घरात छोटा छापखानाच काढतोय, मग आपल्याला वेगळा नियम का?

४० प्रिंट कसे वापरायचे?

नुसतं बटण दाबत बसणं म्हणजे चाचणी नाही. प्रत्येक प्रिंटला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर प्रिंटच्या मागे पेनाने लिहायचं.

*१ ते ५: मशीनची ओळख.* शाई भरली की मशीन बराच वेळ ती नळ्यांमध्ये ओढून घेतं. त्यामुळे टाकीतली पातळी खाली गेलेली दिसते. घाबरू नका, गळती नाही. त्यानंतर साध्या कागदावर नोझल चेक काढा. सगळ्या रंगांच्या रेषा अखंड हव्यात. रेषा तुटक असेल तर हेड क्लिनिंग करा, पण सारखं सारखं नको. प्रत्येक क्लिनिंग तुमचीच शाई खातं. दोन-तीनदा करूनही सुधारलं नाही, तर मशीन बंद करून रात्रभर राहू द्या आणि सकाळी परत बघा. मग हेड अलाइनमेंट करा. फोटो पेपरची छापायची बाजू कोणती, ते बोटाने आणि उजेडात धरून ओळखायला शिका. चुकीच्या बाजूवर शाई पसरते, हेसुद्धा एकदा मुद्दाम करून बघा.

*६ ते १५: एकच फोटो, दहा वेळा.* फोटो तोच ठेवा आणि दर वेळी फक्त एक गोष्ट बदला. कागदाचा प्रकार ग्लॉसी, मग मॅट. क्वालिटी स्टँडर्ड, मग हाय. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. सर्वात जास्त घोळ इथेच होतो: ट्रेमध्ये ग्लॉसी कागद आणि सेटिंगमध्ये साधा कागद. मशीन तेवढ्याच हिशोबाने शाई सोडतं, फोटो फिका येतो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो.

हे दहा प्रिंट दिवसाच्या उजेडात, ओसरीवर किंवा खिडकीपाशी ठेवून बघा. एलईडीखाली रंग फसवतात. आणखी एक, मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. म्हणून मोबाइलवर झकास दिसणारा फोटो कागदावर थोडा काळपट येतो. तो किती उजळायचा, हे प्रत्येक मशीन-कागदाच्या जोडीला वेगळं असतं. तो आकडा एकदा सापडला की वहीत लिहा. ती वही म्हणजे तुमचं खरं ट्रेनिंग सर्टिफिकेट.

*१६ ते २५: आपल्या माणसांचे चेहरे.* इंटरनेटवर टेस्ट फोटो तयार मिळतात. रंगीत फुगे, फळं, गोऱ्या चेहऱ्याची बाई. ते एकदा काढा, पण तिथे थांबू नका. फोटोच्या इतिहासातली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुना कार्ड द्यायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. कार्डावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असायचा. लॅबवाले तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर, असं धरायचे. परिणाम काय झाला? अनेक वर्षं सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे फोटोत नीट येत नव्हते. पुढे वेगवेगळ्या वर्णाचे चेहरे असलेली कार्डं आली.

तुमचं गिऱ्हाईक राहुरीच्या उसात राबणारा शेतकरी आहे, उन्हात रापलेला. तुमचं गिऱ्हाईक हळदीने पिवळी झालेली नवरी आहे, हातात हिरवा चुडा आणि कपाळाला लाल कुंकू. पांढऱ्या टोपीतले आजोबा आहेत, ज्यांची टोपी निळसर आली तर घरचे लगेच ओळखतात. म्हणून टेस्ट फोटो आपल्याच घरातले घ्या. आजी, काका, शेजारची ताई, लहान बाळ. त्यांना विचारून घ्या आणि प्रिंट त्यांनाच दाखवा. "हा रंग तुमचाच वाटतो का?" एवढंच विचारा. आरसा रोज बघणारा माणूस मशीनपेक्षा चांगलं सांगतो.

*२६ ते ३२: पट्टी घेऊन बसा.* पासपोर्ट फोटो ३५×४५ मिलिमीटर, पॅन अर्जाचा फोटो २५×३५ मिलिमीटर. ४×६ च्या एका कागदात ३५×४५ चे ८ फोटो बसतात. पण बॉर्डरलेस सेटिंग चालू असेल तर मशीन कडा भरण्यासाठी चित्र किंचित मोठं करतं. स्क्रीनवर ३५ मिलिमीटर आणि कागदावर जास्त! फॉर्म परत आला की बोलणी तुम्हाला बसणार. म्हणून प्रिंट काढा, स्टीलच्या पट्टीने मोजा, सेटिंग दुरुस्त करा, परत मोजा.

याच टप्प्यात व्हॉट्सॲपवरून आलेला एक फोटो ए-४ वर मोठा करून बघा. साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा आणि परत काढा. दोन्ही प्रिंट शेजारी लावून ठेवा. उद्या गिऱ्हाईकाला समजावत बसायला नको, नुसते ते दोन कागद दाखवा.

*३३ ते ४०: छळ करून बघा.* एका प्रिंटवर पाण्याचा थेंब टाका. एक ओल्या हाताने पुसा. दोन प्रिंट गरमागरम एकमेकांवर ठेवा, चिकटतात का बघा. एक लगेच लॅमिनेट करा, दुसरा एक दिवस सुकवून लॅमिनेट करा. एका प्रिंटचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत लावा आणि महिन्याने पुठ्ठा काढा. नगरचं ऊन काय करतं, ते कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा ती खिडकी स्पष्ट सांगेल. स्वस्तातला कागद का स्वस्त आहे, हेही याच प्रिंटमधून कळेल.

हे सगळं कशासाठी?

कारण या धंद्यात एक काम असं येतं की ज्याला दुसरी संधी नसते. घरातलं माणूस जातं. दोन-तीन दिवसांनी मुलगा किंवा पुतण्या मोबाइल घेऊन येतो. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात कोपऱ्यात आई. किंवा आधार कार्डावरचा पुसट चेहरा. "दहाव्याला फ्रेम पाहिजे" म्हणतो. तो भाव करत नाही, सेटिंग विचारत नाही. तो फोटो पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या घराच्या भिंतीवर, हाराखाली राहणार असतो.

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा ए-४ ग्लॉसी कागद ट्रेमध्ये घालत असाल आणि चेहरा हिरवट आला, तर? पैसे परत करता येतील. दहावा पुढे ढकलता येत नाही. म्हणून म्हणतो, शिकायचं ते स्वतःच्या कागदावर शिका. दुसऱ्याच्या दुःखावर हात साफ करू नका.

आणि त्या मुलाला खरं सांगा, की घरगुती प्रिंटरची शाई उन्हात उडते, फ्रेम काचेची घ्या, थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. तुमची खिडकीतली चाचणी झालेली असेल तर हे तुम्ही अधिकाराने सांगू शकता.

हिशोबाची वहीसुद्धा याच ४० मध्ये

चांगली छपाई आणि चालणारा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ, आणि त्या छापील चित्रांमुळे लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. पण पैशाची घडी बसली नाही आणि शेवटी तो छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकावा लागला. एवढ्या मोठ्या कलाकाराला हिशोबाने सोडलं नाही, तर आपण कोण?

बॉक्सवर लिहिलेली "हजारो पानं" फोटोसाठी धरू नका. तो आकडा साध्या ऑफिसच्या पानांवरून काढतात, ज्यात बराच कागद कोरा असतो. फोटोत कानाकोपरा शाईने भरतो. पहिल्या बाटलीवरूनही दर काढू नका, कारण तिच्यातली काही शाई नळ्यांमध्ये गेलेली असते. टाकी पूर्ण भरा, तिथून प्रिंट मोजायला सुरुवात करा, परत भराल तेव्हा भागाकार करा. त्यात कागद, बिघडलेले प्रिंट, वीज आणि तुमची मजुरी मिळवा. मग दर ठरवा. शेजाऱ्याचा दर बघून स्वतःचा दर लावणं म्हणजे त्याच्या चपलेत पाय घालणं.

पण ४० म्हणजे ४०

दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. तीन महिने टेस्टच चालू, महागडी उपकरणं मागवायची, "अजून रंग जमत नाही" म्हणायचं. ती भीती आहे, तिला अभ्यासाचं नाव देऊ नका. परफेक्ट रंग हा तुमचा माल नाही. रोज सारखा येणारा, माणसाला आपला वाटणारा रंग हा तुमचा माल आहे. आठ-दहा दिवस घ्या, ४० प्रिंट पूर्ण करा आणि बोर्ड लावा. खिडकीतला पुठ्ठा मागाहून निघेल.

धंदा सुरू झाल्यावर तीन सवयी मात्र सोडू नका. मशीन नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही, कारण बटणाने बंद केलं की हेड झाकलं जातं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडं हेड लवकर सुकतं. लाइट जाते तिथे छोटा इन्व्हर्टर ठेवा. काम नसलं तरी दोन-तीन दिवसांनी एक रंगीत पान काढा आणि मशीनवर धुळीसाठी कापड टाका. उरलेला फोटो पेपर पावसाळ्यात पिशवी बंद करून ठेवा.

ज्यांनी अजून मशीन घेतलं नाही, त्यांना एकच सांगणं. दुकानात कोटेशन घेताना दोन पाकिटं जास्तीच्या कागदाची त्यात लिहून घ्या आणि समोर "चाचणी" असं नाव टाका. पैसे नंतर सापडत नाहीत, आधीच बाजूला काढावे लागतात.

मशीन घेऊन बसलेल्यांनी आज पहिल्या प्रिंटच्या मागे तारीख टाका आणि नंबर लिहा: १.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.