तापलेला सेन्सर आणि पाण्याचा थेंब

कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला, की काच तडकलीच! घरात कंदील वापरलेल्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असते. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरबोटीला ऑक्सिजन सेन्सर बसवताना इंजिनीयरांना नेमका हाच थेंब नडला.

पण बोटीला सेन्सर हवाच कशाला? अमेरिकेतल्या लेक पॉवेल या जलाशयात ऑगस्ट २००० मध्ये ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ हाउसबोटीमागे पोहत होते. मागच्या फळीखालच्या पोकळीत बोटीवरच्या जनित्राचा धूर साठलेला होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने दोघांचाही जीव घेतला. या वायूला ना रंग, ना वास. चौकशी झाली तेव्हा अशा आणखी घटना उजेडात आल्या.

मोटारीत या वायूवर उतारा होता. धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर करतो. मात्र त्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ असे राखावे लागते. ते राखण्यासाठी धुरात ऑक्सिजन किती उरला, हे कुणीतरी सतत कॉम्प्युटरला सांगायला हवे. बॉश कंपनीचा सेन्सर १९७६ पासून मोटारींत हे काम करीत आला आहे. त्याचे टोक झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या पदार्थाचे असते आणि ते तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करीत नाही.

मोटारीची नळी वाऱ्यावर थंड होते. बोटीचे इंजिन मात्र बंद पेटीत असते. तिथे लालबुंद नळी परवडणार नाही. म्हणून बाहेरचे पाणी आत ओढून थेट धुरात सोडतात आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. तेव्हा हे पाणी मिसळण्याआधीच्या कोरड्या भागात सेन्सर बसवायचा, एवढे सोपे वाटते. तसे ते नाही. इंजिन संथ चालू असताना धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये नळी उलटा श्वास घेते. त्याबरोबर शिंतोडे मागे येतात. शिवाय पाणी पेट्रोलमधूनही येते! एक किलो पेट्रोल जळले की सुमारे १.४ किलो पाण्याची वाफ तयार होते. नळीभोवती गार पाणी खेळत असल्याने ती वाफ आतल्या भिंतीवर दहिवरासारखी जमते.

बरे, सेन्सर इंजिनाला अगदी चिकटवावा, तर तो फाजील तापतो आणि एकाच सिलिंडरचा धूर हुंगत बसतो. म्हणून सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो, पण पाणी अजून दूर आहे, अशी जागा शोधावी लागते. सेन्सर नळीच्या वरच्या अंगाला, टोक खाली झुकवून बसवतात, म्हणजे त्याच्यावर पाणी साचत नाही. त्याला तापवणारी तारही इंजिन सुरू होताच पूर्ण जोराने चालवत नाहीत. भिंतीवरचे दव उडून जाईपर्यंत कॉम्प्युटर वाट पाहतो.

अमेरिकेत २०१० पासून बोटीत बसवायच्या नव्या पेट्रोल इंजिनांना धुराचे कडक नियम लागले आणि कन्व्हर्टर व सेन्सर तिथे नेहमीचे झाले. आपल्या कोकणातले मासेमारीचे ट्रॉलर डिझेलवर चालतात. त्यांना ही कटकट नाही.

सेन्सर पुन्हा पुन्हा तडकू लागला, तर जाणता मेकॅनिक नुसता नवा बसवून मोकळा होत नाही. तो आधी पाणी मिसळणारा वाकडा जोड उघडून पाहतो. खाऱ्या पाण्याने तो आतून खाल्ला गेला असेल, तर आज सेन्सरवर आलेले पाणी उद्या सिलिंडरमध्ये उतरू शकते.