बंबाच्या पाइपावरची टोपी



वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की आपल्या जुळे सोलापुरात गच्चीवरची लगबग सुरू होते. वाळत घातलेल्या कुरडया-पापड्या खाली येतात, पाण्याच्या टाकीचे झाकण बांधले जाते, पन्हाळीतला कचरा निघतो. स्लॅबला कुठे चीर गेली आहे का, एवढे पाहून घरधनी खाली उतरतो. त्याच गच्चीच्या कोपऱ्यात न्हाणीघरातल्या बंबाचा पाइप काळाठिक्कर पडून उभा असतो. त्याच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. त्याची किंमत आमच्या घराने जवळजवळ मोजलीच होती, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पावसाची झड लागली. आमच्या बंबाच्या पाइपावरची पत्र्याची टोपी वाऱ्याने केव्हाच उडाली होती. पाइप जिथे स्लॅबमधून वर निघतो, तिथला सिमेंटचा गिलावाही फुटला होता. पावसाचे पाणी पाइपातून सरळ बंबात पडे, राखेचा चिखल होई आणि कडेने न्हाणीघरात थेंब थेंब गळे. पत्नीने दोनदा सांगितले. मी म्हणालो, "रविवारी बघू." रविवार आला तो वस्तीच्या बैठकीत गेला. जगाच्या कामाला आम्ही पुढे आणि घरच्या कामाला मागे, ही आपल्या कार्यकर्त्यांची जुनीच खोड!

शेवटी एका संध्याकाळी चिडून गच्चीवर गेलो. पाइपाच्या तोंडावर तेलाचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर पोते आणि प्लॅस्टिक गुंडाळले आणि सुतळीने घट्ट बांधले. गळती थांबली. त्या दिवसांत बंब बंदच होता, आंघोळीचे पाणी गॅसवर तापे. मी डबा विसरून गेलो.

डिसेंबरात थंडी पडली. थोरल्या मुलीची परीक्षा होती, म्हणून ती पहाटेच उठली आणि तिने तुऱ्हाट्या घालून बंब पेटवला. धूर मागे येऊ लागला. सरपण ओले असेल असे तिला वाटले. जाळ बसून निखारे झाले, धूर दिसेनासा झाला, तेव्हा दाराला कडी लावून ती आंघोळीला बसली. गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला होता, तोही मीच. थोड्या वेळाने तांब्याचा आवाज थांबला. आईने हाका मारल्या, उत्तर नाही. मी दार ढकलून कडी तोडली. पोरगी फरशीवर पडली होती. तिला उचलून अंगणात आणले, रिक्षाने दवाखान्यात नेले. तिथे प्राणवायू लावला. दुपारपर्यंत ती बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्हालाही काही करता आले नसते."

संध्याकाळी शेजारच्या एक वयस्कर मावशी आल्या. मायेने म्हणाल्या, "अवो, पोरीला नजर लागली आसंल. मीठ-मोहऱ्या उतरून टाका की." मी म्हणालो, "मावशी, कुणाची नजर लागली न्हाई. माझीच नजर वर गेली न्हाई." आणि त्यांना गच्चीवर नेऊन तो डबा दाखवला. त्या डब्याकडे बघत बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या.

बंधू-भगिनींनो, घडले काय, ते समजून घेऊ. लाकूड किंवा कोळसा जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस बाहेर पळतो. हा वायू झोंबत नाही. निखारे धगधगत असताना, धूर दिसत नसतानाही तो निघतच असतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर उपाशी राहते. डोके दुखते, मळमळते, पाय गळून जातात आणि माणूस झोपल्यासारखा पडतो. पाइप मोकळा असेल तर हा वायू वर निघून जातो. मी तर त्याची वाटच बांधून टाकली होती.

धूर नुसता त्रासदायक नाही, तो मारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्या धुराजवळ सर्वात जास्त वेळ कोण बसते? आपली आई, बायको, बहीण, लेक. म्हणून बंबाचा पाइप हा गवंड्याचा प्रश्न आहे, तसाच तो घरातल्या स्त्रीच्या जिवाचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, धम्माच्या साप्ताहिकात बंब कशाला? त्यांनी विनयपिटकातला चुल्लवग्ग पाहावा. भिक्खूंच्या गरम स्नानाच्या खोलीला पालीत जंताघर म्हणतात. तिथे अग्नीची जागा कुठे असावी, हेही तथागतांनी सांगितले आहे. खोली लहान असेल तर एका बाजूला, मोठी असेल तर मधोमध. धूर जाण्यासाठी धूमनेत्त, म्हणजे धुराची नळी बसवायलाही त्यांनी अनुमती दिली आहे. ज्यांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले, त्यांनी न्हाणीघरातल्या धुराचे कारणही लहान मानले नाही. मग आपण कोण त्याला क्षुल्लक म्हणणार?

आता कामाचे बोलू. त्या प्रसंगानंतर एका जाणत्या पत्रेवाल्या मामांना आणि एका गवंड्याला बोलावून मी सगळे नीट करून घेतले. त्यांच्या हाताखाली उभे राहून जे शिकलो, ते देतो.

पहिली गोष्ट टोपीची. टोपीने पाऊस अडवावा, धूर अडवू नये. चार इंची पाइपाला आठ इंच रुंदीची छत्रीसारखी उतरती टोपी पुरते. पाइपाचे तोंड आणि टोपी यांत निदान दोन इंच मोकळी जागा हवी, तीन असली तर आणखी चांगले. टोपी तोंडावर टेकवली की धूर खाली आलाच म्हणून समजा. चिमण्या-कबुतरांनी घरटे करू नये म्हणून भोवती जाळी लावावी, पण तिची भोके अर्ध्या इंचाची असावीत. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी महिन्या-दोन महिन्यांत काजळीने बुजते. टोपी तीन पायांवर स्क्रूने घट्ट बसवावी. नुसती अडकवलेली टोपी वळवाच्या वाऱ्यात शेजारच्या गच्चीवर सापडते.

दुसरी गोष्ट उंचीची. पाइप स्लॅबच्या वर निदान तीन फूट असावा. दहा फुटांच्या आत कठडा, जिन्याची खोली किंवा टाकी असेल, तर तिच्याहून दोन फूट उंच न्यावा. नाहीतर वारा तिथे आपटून खाली वळतो आणि धूर पाइपात मागे ढकलतो.

तिसरी गोष्ट पाइपाच्या बुडाची. पाइप स्लॅबमधून निघतो तिथे भोवती सिमेंटचा उतरता गोल कठडा करतात. गवंडी त्याला वाटा म्हणतात. तो दरवर्षी का फुटतो? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, स्लॅब तापून फुगतो आणि एका सरीने गार होऊन आकसतो. त्यातच पाइप आतून रोज तापतो, तोही फुगतो. सिमेंट पाइपाला चिकटवून टाकले तर दोघांच्या ओढाताणीत चीर पडणारच. नुसते वरून सिमेंटचे पाणी फासून ती बुजत नाही.

म्हणून जुना वाटा छिन्नीने पूर्ण काढावा. जागा ब्रशने घासून धुवावी. पाइपाला पुठ्ठ्याची एक पट्टी गुंडाळावी, म्हणजे नवे सिमेंट त्याला चिकटत नाही. एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू घेऊन, त्यात गळतीरोधक रसायन घालून वाटा करावा. त्याची कड निदान दोन इंच जाड असावी आणि उतार पाइपापासून बाहेर असावा. सात दिवस ओले पोते टाकून पाणी मारावे. मग पुठ्ठा काढून त्या फटीत काचतंतूची दोरी ठासावी आणि वरून उष्णता सोसणारे सिलिकॉन भरावे. दुकानात तसे स्पष्ट सांगून मागावे. साधे सिलिकॉन किंवा डांबर तापल्यावर टिकत नाही. शेवटी वाट्याच्या वर पाइपालाच पत्र्याची एक उतरती कॉलर आवळून घ्यावी. पाइपावरून ओघळणारे पाणी फटीत न शिरता कॉलरवरून बाहेर पडते.

जुना पाइप सिमेंटच्या पत्र्यासारखा करडा असेल तर तो ॲसबेस्टॉसचा असू शकतो. तो कोरडा कापू नये, फोडू नये, घासू नये. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे आजार होतात. काढायचाच असेल तर पाण्याने भिजवून, नाका-तोंडाला मास्क लावून अख्खा उतरवावा, आणि मुलांना लांब ठेवावे.

हे साप्ताहिक कोकणातही जाते, म्हणून तिकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. माझी मेहुणी मंडणगड तालुक्यात दिली आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात. आपल्याकडे वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिकडे तीन हजारांच्या वर. शिवाय समुद्राची खारी हवा. तिच्या चुलीच्या पाइपावरची जस्ताच्या पत्र्याची टोपी दोन पावसाळ्यांत गंजून चाळण झाली. तिकडे टोपी स्टेनलेस स्टीलची घ्यावी, किनाऱ्याजवळ असाल तर ३१६ नंबरची, आणि स्क्रूही त्याच धातूचे. स्टीलच्या टोपीला लोखंडी स्क्रू लावले की आधी स्क्रू गंजतात आणि टोपी जाते. कौलारू घरात पाइपाभोवतीचा पत्रा वरच्या कौलाखाली आणि खालच्या कौलावर यावा. उलटा बसवला तर तो पन्हाळीसारखा पाणी घरात आणून सोडतो.

टोपी-वाटा झाला म्हणजे संपले, असे नाही. काथ्याचा मोठा कुंचला बांबूला बांधून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि थंडीआधी, पाइपातली काजळी काढावी. बंबात प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड घालू नये. न्हाणीघराला कायमची उघडी झडप असावी. पाणी तापले की ते बादलीत काढून, निखारे विझवून मगच दार लावावे. गॅसचा गिझर असला तरी नियम तोच. तो बंद न्हाणीघरात नकोच, बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. बाळंतिणीच्या खोलीतही दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवू नये. आगीजवळ कोणाला चक्कर आली तर आधी दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात आणि उतारे टाकण्यात वेळ घालवू नका.

आपल्या कितीतरी घरांचे वाडवडील गिरणीत राबले. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून सोलापूरकर धुराड्याकडे पाहूनच दिवस काढत आला. धूर निघतो आहे ना, म्हणजे चूल पेटेल. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हाही चौकाचौकात प्रत्येकाचे काही ना काही मत होते. गावाच्या चिमणीवर मत असावेच. पण आपल्या गच्चीवरच्या तीन फुटी पाइपाकडेही एकदा मान वर करून बघावे.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन बसते. त्याआधीच्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, आमच्या वस्तीतली पाच-सहा तरुण मुले शिडी, कुंचला आणि पाना घेऊन घरोघर गच्च्या तपासतात. दोन वर्षे हे चालू आहे. विधवा माता आणि एकट्या वृद्धांची घरे आधी. शिडी धरायला मी असतो. मागच्या वर्षी एका पाइपात अख्खे घरटे निघाले आणि दुसऱ्याच्या तोंडावर विटेचा तुकडा. ते घर त्याच मावशींचे. त्या म्हणाल्या, "पाणी येतंय म्हणून मीच ठिवली हुती बाबा." वीट काढली, नवी टोपी बसवली. खर्च साध्या साडीएवढाही झाला नाही.

थोरली आता नोकरीला लागली आहे. बंब अजूनही तीच पेटवते. पण आधी अंगणात जाऊन वर बघते, धूर टोपीखालून निघतो आहे ना, आणि मग आत येते. आपणही उद्या सकाळी एवढेच करा. गच्चीवर जा आणि पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!